न खेळलेले पत्ते : सामर्थ्य, वाचन आणि विलंब

मूल्य कृतीत असते की ती वाचणाऱ्यात, हा साहित्यसमीक्षेतला जुना वाद आहे. त्याचा निकाल लावण्याचा आमचा मानस नाही. या वादाच्या संदर्भात एक वेगळे, प्रथमदर्शनी काहीसे हलके वाटेल असे उदाहरण मात्र आम्हांला येथे विचारार्थ ठेवायचे आहे. हे उदाहरण आहे संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचे, आणि त्यातही १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाचे. या खेळाच्या तीन दशकांच्या इतिहासात एक घटना पुनःपुन्हा घडलेली दिसते. एखादा पत्ता छापून बाजारात येतो. हजारो खेळाडू तो वाचतात आणि बाजूला टाकतात. काही महिन्यांनी वा काही वर्षांनी तोच पत्ता इतका प्रबळ ठरतो की त्याच्यावर बंदी घालण्याची वेळ येते. दरम्यान पत्त्याचा आशय तसूभरही बदललेला नसतो. मग बदलले काय?

आपल्या परिचयाच्या पत्त्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तिथे पानाची किंमत खेळाच्या नियमानेच ठरलेली असते. 'तीनशेचार' या खेळात गुलामाचे तीस गुण, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन आणि राणीचे दोन. राजा गुलामापुढे फिका पडतो याचे कुणाला नवल वाटत नाही, कारण तो नियम डावाला बसण्यापूर्वीच ठाऊक असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंग आणि एकशेवीस पाने. त्यांतल्या निम्म्या रंगांत अंकांचा चढता क्रम उलटा होतो, म्हणजे एका रंगात जो आकडा जड तोच दुसऱ्या रंगात हलका. हे उलटणेसुद्धा पूर्वनियोजित असते. पानाचे मोल काय, हे शोधून काढण्याचे काम खेळणाऱ्यावर पडत नाही. त्याला फक्त वाट्याला आलेली पाने नीट खेळायची असतात.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक' रचताना नेमकी हीच व्यवस्था मोडली. या खेळात सर्वांसाठी एक समान जोड नसतो. प्रत्येक खेळाडू उपलब्ध पत्त्यांतून निवड करून स्वतःचा, साधारणतः साठ पत्त्यांचा, डेक बांधतो. एका पत्त्याच्या अधिकाधिक चार प्रती ठेवण्याची मुभा असते. आज या खेळातील भिन्न पत्त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. बहुतेक पत्त्यांवर दोनचार ओळींचा मजकूर असतो आणि तो पत्ता काय करतो हे त्या मजकुरातून कळते. म्हणजे इथे खेळाची सुरुवात डाव मांडण्याच्या कितीतरी आधी, पत्ता वाचण्यापासून होते. वाचा, तोला, निवडा किंवा टाका. असंख्य कृतींतून थोड्या कृती निवडण्याचा हा व्यवहार वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

या वाचनाच्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण 'नेक्रोपोटेन्स' या पत्त्याचे आहे. जून १९९५ मध्ये आलेल्या 'आइस एज' या संचातला हा काळ्या रंगाचा पत्ता. खेळात प्रत्येकाकडे आरंभी आयुष्याचे वीस गुण असतात आणि ते शून्यावर आले की हार होते. दर पाळीला एक नवा पत्ता उचलायचा, हा मूलभूत नियम. नेक्रोपोटेन्स खेळला की हा नित्याचा पत्ता उचलण्याचा हक्क जातो. त्याऐवजी आयुष्याचा एक गुण मोजला की एक पत्ता बाजूला ठेवता येतो आणि तो पाळीच्या अखेरीस हातात येतो. असे हवे तितके गुण मोजावेत. शिवाय हातातून टाकलेला पत्ता खेळातून कायमचा बाद होतो. सरळ वाचले तर पत्त्यावर नुकसानाचीच यादी दिसते. हक्क गेला, आयुष्य गेले, टाकलेले पत्तेही गेले. सुरुवातीच्या बहुसंख्य वाचकांनी तो असाच वाचला आणि निरुपयोगी ठरवला.

या वाचकांना अडाणी म्हणणे सोपे, पण अन्यायाचे होईल. खेळ तेव्हा दोनच वर्षांचा होता. आयुष्याचे गुण म्हणजे राखून ठेवायची ठेव, हाच सर्वसाधारण समज होता. शेवटचा एक गुण शिल्लक असेपर्यंत आधीचे एकोणीस गुण खर्च झाले तरी हार होत नाही, आणि म्हणून ते गुण हे एक प्रकारचे चलन आहे, ही दृष्टी अद्याप रुजायची होती. प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक पत्ते वापरायला मिळणे हाच विजयाचा पाया, हा पत्त्यांच्या आधिक्याचा सिद्धांत ब्रायन वाइसमनसारखे खेळाडू याच सुमारास मांडत होते. तो सिद्धांत हाती घेऊन नेक्रोपोटेन्स पुन्हा वाचला की नुकसानाची यादी बाजूला पडते. उरते ती एक विलक्षण सोय: इतरांना दर पाळीला एक पत्ता मिळत असताना याला सात-सात मिळू शकतात. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ साली कोन्स्टान्त्स येथील व्याख्यानात वाचकांच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना मांडली, ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही. फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' आणि तिच्या पाठोपाठ आलेली फेदोची 'फानी' या दोन कादंबऱ्यांची तुलना त्याने केली आहे. समकालीन वाचकांनी डोक्यावर घेतलेली 'फानी' पुढे विस्मरणात गेली, कारण 'मादाम बोव्हारी'ने वाचकांचे क्षितिजच बदलून टाकले. १९९५ मधल्या खेळाडूंच्या क्षितिजात नेक्रोपोटेन्स मावत नव्हता. तो वाचण्यासाठी लागणारी संकल्पना आधी घडावी लागली.

परंतु केवळ वाचकांची दृष्टी बदलली एवढ्याने सारे स्पष्ट होत नाही. त्या काळात 'ब्लॅक व्हाइस' नावाचा एक स्वस्त आणि सर्वत्र खेळला जाणारा पत्ता होता. प्रतिस्पर्ध्याच्या हातात चारांहून जितके पत्ते अधिक, तितके घाव तो दर पाळीला घाली. नेक्रोपोटेन्सचे सारे सामर्थ्य हात भरलेला ठेवण्यात, आणि ब्लॅक व्हाइस नेमकी त्याचीच शिक्षा देई. एकीकडे पत्त्यासाठी गुण मोजायचे आणि दुसरीकडे तो हातात बाळगल्याबद्दल पुन्हा गुण गमवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. १९९६ मध्ये ब्लॅक व्हाइसवर निर्बंध आले आणि डेकमध्ये त्याची एकच प्रत ठेवता येऊ लागली. वाट मोकळी झाली. काळ्या रंगाकडे 'ड्रेन लाइफ'सारखे, प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य ओढून आपल्याकडे आणणारे पत्ते होतेच. मोजलेले गुण त्यांनी भरून निघत. १९९६ चा उन्हाळा या खेळाच्या इतिहासात 'काळा उन्हाळा' म्हणून ओळखला जातो, तो नेक्रोपोटेन्सच्या वर्चस्वामुळेच.

त्या वर्षाच्या आरंभी, फेब्रुवारीत, न्यूयॉर्कला पहिली व्यावसायिक 'प्रो टूर' स्पर्धा झाली. तिच्यातली एक गोष्ट अध्यापकांनी अवश्य लक्षात घ्यावी अशी आहे. मान्य असलेल्या प्रत्येक विस्तारसंचातले किमान पाच पत्ते डेकमध्ये असलेच पाहिजेत, अशी अट आयोजकांनी घातली होती. त्यामुळे 'होमलँड्स' या १९९५ च्या, अतिशय दुबळ्या म्हणून बदनाम झालेल्या संचातलेही पाच पत्ते निवडणे भाग पडले. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकासारखेच हे सक्तीचे वाचन होते. त्यातून 'सेरेटेड अ‍ॅरोज'सारखा एखादा उपयुक्त पत्ता खेळाडूंच्या नजरेत भरला, हे खरे. पण होमलँड्सचे बाकीचे बहुतेक पत्ते सक्तीने वाचल्यावरही होते तसेच, दुबळे, राहिले. याच स्पर्धेत स्वीडनचा लिओन लिंडबॅक नेक्रोपोटेन्सच्या डेकसह अंतिम आठांत पोहोचला, तो मात्र कुणाच्याही सक्तीवाचून. दुर्लक्षित पत्ता आणि दुबळा पत्ता यांतला फरक एकाच सभागृहात, एकाच वेळी दिसला.

हा फरक ठासून सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. उपेक्षितांविषयीची सहानुभूती हा आपल्या वाङ्मयीन संस्कृतीचा चांगला गुण आहे, पण तिचे रूपांतर लवकरच एका भाबड्या समजुतीत होते: जे जे दुर्लक्षिले गेले ते ते थोर असले पाहिजे. या खेळाचा इतिहास त्या समजुतीला दुजोरा देत नाही. बहुसंख्य न खेळलेले पत्ते योग्य कारणानेच न खेळलेले आहेत. खेळाचे एक प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ साली वाईट पत्त्यांच्या समर्थनार्थ एक लेखच लिहिला. सामर्थ्य सापेक्ष असल्यामुळे कोणत्याही संचात काही पत्ते इतरांहून कमी ठरणारच, आणि बरे-वाईट ओळखणे हा खेळाच्या कौशल्याचाच भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रचनाकार जाणूनबुजून दुबळे पत्ते छापतात हे एकदा माहीत झाले, की टाकलेल्या ढिगात रत्ने असतील ही आशा आणि ढिगात बहुतांशी दगडच असणार ही जाणीव, दोन्ही एकत्र बाळगाव्या लागतात.

ज्या पत्त्यांचे सामर्थ्य प्रारंभी कुणालाच दिसू शकत नाही, अशांचा एक निराळा वर्ग आहे. त्याच 'आइस एज' संचात 'इल्यूजन्स ऑफ ग्रँजर' नावाचा पत्ता होता. तो खेळला की आयुष्याचे वीस गुण मिळतात. तो टिकवण्याचा खर्च दर पाळीला वाढत जातो. आणि तो गेला की ते वीस गुण परत जातात. म्हणजे अल्पमुदतीचे कर्ज. चार वर्षे या कर्जाला फारसे कुणी विचारले नाही. मग जून १९९९ मध्ये 'अर्झाज डेस्टिनी' या संचात 'डोनेट' हा पत्ता आला. आपल्या मालकीचा एक पत्ता दुसऱ्या खेळाडूला देऊन टाकावा, एवढेच त्याचे काम. सुटा वाचला तर हाही वेडगळच, कारण आपली वस्तू प्रतिस्पर्ध्याला कोण देईल? दोन्ही एकत्र आले आणि अर्थ पालटला. कर्जाचे वीस गुण आपण घ्यायचे आणि परतफेडीची जबाबदारी प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात बांधायची. त्याला वाढता खर्च परवडला नाही की वीस गुण जातात, ते त्याचे. या जोडीत नेक्रोपोटेन्सही येऊन मिळाला. उसने मिळालेले वीस गुण पत्त्यांसाठी मोजायला मोकळे झाले. 'ट्रिक्स' नावाच्या या डेकने 'एक्स्टेंडेड' या स्पर्धाप्रकारात धुमाकूळ घातला आणि २००१ मध्ये तिथे नेक्रोपोटेन्सवर बंदी आली. १९९५ मध्ये एकाच संचातून बाहेर पडलेले आणि दोघेही बाजूला टाकले गेलेले हे दोन पत्ते, एका तिसऱ्या पत्त्याच्या निमित्ताने एकत्र आले.

'डार्क डेप्थ्स'ची कथा अशीच आहे. २००६ मधल्या 'कोल्डस्नॅप' संचातल्या या पत्त्यावर बर्फाच्या दहा खुणा असतात. एक खूण काढायला शक्तीची तीन एकके लागतात, म्हणजे दहांसाठी तीस. सर्व खुणा गेल्या की वीस बळाचा, नष्ट न होणारा, उडणारा राक्षस अवतरतो. तीस एकके जमेपर्यंत डाव कधीच संपलेला असे, म्हणून हा पत्ता कौतुकाची वस्तू होऊन वहीत पडून राहिला. २००९ साली 'झेंडिकार' संचात 'व्हॅम्पायर हेक्समेज' आली. दोन एककांचा हा लहानसा पत्ता स्वतःचा बळी देऊन कोणत्याही पत्त्यावरच्या सगळ्या खुणा पुसून टाकतो. तीस एककांचे काम दोनांत झाले. २०११ मध्ये 'मॉडर्न' हा नवा स्पर्धाप्रकार सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्याच बंदीयादीत डार्क डेप्थ्सचे नाव होते. २००६ च्या वाचकाने तो पत्ता चुकीचा वाचला असे म्हणता येईल काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या दिवशी तो पत्ता खरोखरच दुबळा होता. नंतर लिहिल्या गेलेल्या एका संहितेने आधीच्या संहितेचे सामर्थ्य बदलले, आणि हे भविष्य वाचकाच्या हाती नव्हते.

याउलट 'टार्मोगॉइफ'च्या बाबतीत सगळी माहिती पत्त्यावरच छापलेली होती. मे २००७ च्या 'फ्यूचर साइट' संचातला हा दोन एककांचा प्राणी. बाद पत्त्यांच्या ढिगांत जितक्या प्रकारचे पत्ते, तितके त्याचे बळ. हे बळ चटकन वाढते, हे थोड्या हिशेबाने कळण्याजोगे होते. परंतु पत्त्यावर कंसात दिलेल्या प्रकारांच्या यादीत दोन अपरिचित नावे होती. त्यांतला खेळात तोवर अस्तित्वातच नसलेला एक प्रकार पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये, 'लॉर्विन' संचात, अवतरला. वाचकांचे लक्ष या भाकितावर खिळले आणि प्राण्याच्या बळाकडे काहीसे उशिरा वळले. तोवर तो किरकोळ किमतीत मिळत होता. पुढे त्याच्या एका प्रतीला शंभर डॉलरहून अधिक मोजावे लागू लागले. एखाद्या कादंबरीतील वादग्रस्त प्रकरणाचीच चर्चा व्हावी आणि कादंबरी तशीच राहून जावी, असा हा प्रकार. त्याचे हे राज्यही कायमचे ठरले नाही. २०१७ मध्ये 'फेटल पुश' हा एका एककात त्याला मारणारा पत्ता आला, आणि पुढच्या वर्षांत टार्मोगॉइफ हळूहळू मागे पडत गेला.

येथवरच्या उदाहरणांत सामर्थ्य लपलेले होते किंवा अद्याप जन्मालाच यायचे होते. ते सिद्ध झाले की पत्ता खेळला जातो, असे आपण गृहीत धरले. 'लँटर्न कंट्रोल' या डेकची हकिगत हे गृहीतकही डळमळीत करते. २००४ चा 'लँटर्न ऑफ इनसाइट' हा पत्ता दोन्ही खेळाडूंच्या गड्ड्यांचे वरचे पान उघडे करतो. २०१२ चा 'कोडेक्स श्रेडर' गड्डीवरचा एक पत्ता बाद करतो. दोन्ही पत्ते कुणी ढुंकून पाहत नसे. त्यांची सांगड घातली की प्रतिस्पर्ध्याने पुढे काय उचलावे हे आपल्याला ठरवता येते: कामाचे पान दिसले की बाद करा, निरुपयोगी दिसले की उचलू द्या. १९९८ च्या 'एन्सनेरिंग ब्रिज'मुळे त्याचे हल्लेही थांबतात. सप्टेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या ग्रां प्री स्पर्धेत झॅक एल्सिक या डेकने जिंकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये बिल्बाओच्या प्रो टूरमध्ये अर्जेंटिनाचा लुइस साल्वातो याच डेकने विजेता ठरला. याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरीही लँटर्न खेळणारे थोडेच राहिले. डाव लांबतो, प्रत्येक पाळीला दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवावा लागतो, समोरचा माणूस हळूहळू गुदमरत असतो आणि ते त्याला कळत असते. डेक जिंकतो, पण अनेकांना तो खेळत बसण्याची इच्छा होत नाही. २०२० मध्ये त्याला बळ देणाऱ्या 'मॉक्स ओपल'वर बंदी आल्यावर तो अधिकच दुर्मीळ झाला. काही ग्रंथ थोर आहेत हे सर्वमान्य असते, आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचलेले लोक बोटांवर मोजण्याइतके असतात. श्रमांचा आणि आवडीचा हा प्रश्न गुणवत्तेच्या सिद्धतेने सुटत नाही.

आता या सर्वांत भर पडली आहे ती वेगाची. नेक्रोपोटेन्सला आपले वाचक मिळायला कित्येक महिने लागले, इल्यूजन्सला चार वर्षे. १९९० च्या दशकातच विजेत्यांच्या डेकच्या याद्या इंटरनेटवर फिरू लागल्या होत्या. ऑनलाइन खेळ वाढल्यावर तर हजारो डावांचे निकाल काही दिवसांत गोळा होतात, कोणता डेक सरस हे ठरते, आणि बहुतेक जण तोच उतरवून घेतात. २०१७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशनसंस्थेने ऑनलाइन स्पर्धांतील डेकच्या याद्या कमी संख्येने प्रसिद्ध करण्याचा निर्णय घेतला. खेळाचे कोडे फार लवकर सुटते आणि शोधाची जागा उरत नाही, ही त्यामागची चिंता होती. यादी उतरवून घेणारा खेळाडू मूर्ख नसतो. तो बहुधा जिंकतोही. पण यादीत नसलेला पत्ता त्याने वाचून नाकारलेला नसतो. तो त्याच्या हाती गेलेलाच नसतो. अशा वेळी 'हा पत्ता कुणी खेळत नाही' हे विधान पत्त्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ते खेळाडूंच्या सवयीविषयी सांगते.

इथे हा विषय आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो. 'ही कादंबरी उपेक्षित राहिली', 'या कवीची योग्य ती दखल घेतली गेली नाही', अशी वाक्ये उत्तरपत्रिकांतून आणि प्रबंधांतून सर्रास आढळतात. पत्त्यांचा हा इतिहास त्या वाक्यापाशी थांबायला लावतो आणि पुढचे विचारायला लावतो. कोणत्या अर्थाने उपेक्षित? वाचण्यासाठी लागणारी संकल्पना तेव्हा घडलेली नव्हती म्हणून? प्रतिकूल असे काही शेजारी उभे होते म्हणून? जिच्यामुळे तिला अर्थ यावा ती दुसरी कृती अद्याप लिहिली गेली नव्हती म्हणून? लक्ष भलतीकडे गेले म्हणून? ती थकवते म्हणून? की कुणाच्या तरी यादीत तिचे नाव नव्हते, एवढ्याचसाठी? आणि शेवटी, सर्वांत अप्रिय शक्यता: ती दुबळी होती म्हणून? यांतले प्रत्येक उत्तर वेगळा पुरावा मागते, आणि त्यांतली काहीच उत्तरे वाचकाला दोषी ठरवतात.

मूल्यनिर्णयाला तारीख असते, एवढे तरी यातून निश्चित होते. १९९६ च्या उन्हाळ्यात नेक्रोपोटेन्स हा सर्वश्रेष्ठ डेक होता याबद्दल जाणकारांत दुमत नव्हते. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी नेक्रोपोटेन्स खेळणाऱ्या मार्क जस्टिसने गाठली. त्याच्यासमोर ऑस्ट्रेलियाचा टॉम चॅनफेंग होता. त्याच्या डेकमध्ये पांढऱ्या रंगाचे लहान लहान योद्धे होते, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पत्त्यांवर काळ्या रंगापासून संरक्षण असल्याची एक साधी ओळ छापलेली होती. सगळे काळा रंग खेळत असताना त्या ओळीचे मोल किती वाढले आहे, हे त्याने वाचले होते. विजेतेपद त्याला मिळाले.